वणवा विझवणारे हात आणि हात झटकणारे सरकार

१३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले वनखात्याच्या कामावरील ४ जण होरपळून मेले; आणखी ४ जण गंभीररीत्या भाजले. मृतांत हंगामी अग्निरक्षक होता, रोजंदारीवरचा मजूरही होता. हा केवळ निसर्गाचा कोप म्हणायचा काय?

त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस हवाईदलाचे हेलिकॉप्टर भीमतालचे पाणी उचलून नैनितालच्या जंगलावर ओतत होते. त्याची छायाचित्रे देशभर झळकली. ती मदत मोलाचीच होती. परंतु वरून पडणारे पाणी ज्वाळांचा जोर तेवढा मोडते. आगीची वाट अडवते ती माणसांनी काढलेली जाळरेषा. चीड वृक्षांच्या वाळलेल्या सुया ओढून, झुडपे तोडून, उघड्या मातीचा पट्टा करावा लागतो. उभ्या चढावर हे काम दाताळे, कोयते आणि हिरव्या फांद्या घेऊन हातांनीच होते. वारा फिरला की ज्वाळा चढावर झेपावतात. माणसाला पळायलाही वाट उरत नाही.

आणि हे हात कोणाचे? उन्हाळ्यापुरते कामावर घेऊन पावसाळा येताच घरी धाडल्या जाणाऱ्या पहाडी गरिबांचे! मेल्यावर भरपाई जाहीर करणाऱ्या राज्यकर्त्यांना आमचा सवाल आहे: जिवंतपणी त्यांना तुम्ही काय दिलेत?

बारमाही नोकरी, अग्निरोधक पोशाख, रीतसर प्रशिक्षण, बिनतारी संच आणि विमा ही भीक नव्हे, श्रमिकांचा हक्क आहे. जंगल राखायचे असेल, तर ते राखणारा माणूस आधी राखला पाहिजे!