शाळा उघडण्याआधी वर्गात एक टाळी वाजवा

देवपूरकरहो, आणि विशेष करून शाळा, वसतिगृहं, दवाखाने, मंगल कार्यालयं बांधणारे संस्थाचालक, बिल्डर, इंजिनिअर मंडळी,

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. तोवर आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना नवे मजले, फरशा, रंग यांची घाई चालणार. या घाईतच लिहितोय, कारण एकदा गिलावा होऊन फरशी बसली की आवाजाबद्दल कोणी ऐकून घेत नाही.

आज एक करा. नव्या वर्गात जा, पंखे बंद करा, मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती पुरती विरेपर्यंत मनात मोजा.

मी मराठी शिकवायचो. नोकरीची शेवटची काही वर्षं अशाच एका नव्या इमारतीत गेली. चकचकीत फरशी, खांद्यापर्यंत टाइल्स, वर उघडा स्लॅब. शुद्धलेखनाला मी ‘पाठ’ सांगायचो, मागच्या बाकांवरच्या वह्यांत ‘पाट’ उमटायचं. ‘साठ’चे ‘सात’ व्हायचे. मी लाल शाईने गोल करत राहिलो. शेवटी वसतिगृहातला एक पोरगा उभा राहिला, म्हणाला, “सर, ऐकू येस नही.” त्याच्या घरात अहिराणी. प्रमाण मराठीतला निसटलेला शब्द अंदाजाने भरून काढणं त्याला आपल्यासारखं सोपं नव्हतं. पावरी, भिली बोलणाऱ्या मुलांचं तर विचारूच नका. किती पोरांना मी उगाच बोललो असेन, याचा हिशेब आता लागत नाही.

बोलण्यात स्वर जोरकस असतात आणि व्यंजनं नाजूक. कडक भिंतींच्या खोलीत आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पसरते आणि ‘ठ’चा ‘ट’ होतो. शिक्षकाने आवाज चढवला की शेपटीही लांबते. घसा मात्र शिक्षकाचाच जातो.

खोलीत आवाज किती वेळ घुमेल, हा हिशेब हार्वर्डच्या वॉलेस सबीनने बसवला. १८९५ साली त्याच्याकडे एक न ऐकू येणारं व्याख्यानगृह सोपवलं, तेव्हा तो शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्याचं सूत्र आजही चालतं : खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं. ८ मीटर लांब, ६ रुंद, ३.३ उंच असा वर्ग घ्या. सगळीकडे गिलावा, फरशी, काच; म्हणजे पडलेल्या आवाजातला जेमतेम ३ टक्के शोषला जाणार. रिकाम्या वर्गात उत्तर येतं साडेचार सेकंद. ४० मुलं बसली तरी सुमारे १.४. जागतिक आरोग्य संघटना वर्गासाठी ०.६ सांगते. भरल्या वर्गात छताच्या दोन तृतीयांश भागाला ८० टक्के आवाज शोषणारे बोर्ड लावले की आकडा तिथेच येतो. एवढंच काम आहे!

मग हे होत का नाही? राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हरित प्रमाणपत्र मिळवणाऱ्या इमारतीला दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय (चटईक्षेत्र) आहे. चांगलंच आहे. पण मोठ्या खिडक्या, आरपार हवा, उघडा स्लॅब या हरित इमारतीच्या आवडत्या गोष्टी, आणि यातली प्रत्येक गोष्ट ऐकू येण्याच्या मुळावर येते. बर्कलीच्या संशोधकांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या हरित कार्यालयांतल्या लोकांना विचारलं, तेव्हा हवेबद्दल समाधान वाढलेलं दिसलं, आवाजाबद्दल नाही. लीड या हरित प्रमाणपत्राने शाळांसाठी ध्वनीची किमान अट सक्तीची केली. जिथे सक्ती नाही तिथे गुण दुसरीकडून गोळा होतात आणि आवाज मागे राहतो. म्हणून आर्किटेक्टला हरित प्रमाणपत्राचे तारे किती मिळणार हे विचारताना वर्गात आवाज किती सेकंद घुमणार हेही विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत ध्वनीचा स्वतंत्र विभाग आहे. तो उघडायला लावा.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. उन्हाच्या दिवसांत खिडकी लावून कोण बसेल? आणि उघडली की ट्रकचे हॉर्न आत. शाळा-दवाखान्यांभोवती जाहीर केलेल्या १०० मीटरच्या शांतता विभागात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा नियमात आहे, पण पाटीने हॉर्न थांबत नाही. तेव्हा नकाशातच जिना, भांडारघर, स्वच्छतागृहं रस्त्याच्या बाजूला घ्या आणि वर्गाच्या खिडक्या आतल्या चौकाकडे उघडा. दोन वर्गांमधली भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवू नका, स्लॅबला भिडवा. ४० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत शंभरावा हिस्सा भोक राहिलं, तर ती २० च अडवते.

भिंतीला थर्माकोल, फोम, अंड्यांचे ट्रे मात्र चिकटवू नका. आवाज फारसा थांबत नाही, आग मात्र पसरते. आगीची चाचणी झालेले बोर्डच घ्या.

पालकांनो, प्रवेश घेताना लिफ्ट आणि प्रोजेक्टर पाहता, तशी ही टाळीही वाजवून बघा. संस्थाचालकांना खर्चाआधी खात्री हवी असेल, तर सबीनचा प्रयोग गोधड्यांनी करा. दोरीवर टांगा आणि पुन्हा टाळी वाजवा. बारा गोधड्या माझ्याकडे आहेत. घेऊन जा, फक्त शाळा उघडायच्या आत परत आणून द्या, दुसऱ्या वर्गालाही लागतील.