धुमसणाऱ्या दाहाचे निदान आणि बाजार

अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एक निवेदन प्रसिद्ध केले. हृदयविकार असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या व्यक्तींमध्ये कोलेस्टेरॉलबरोबरच रक्तातील 'सीआरपी' या प्रथिनाची सूक्ष्म चाचणीही करावी, अशी शिफारस त्यात आहे. हे प्रथिन शरीरातील दाहाचे, म्हणजेच इन्फ्लमेशनचे, मोजमाप मानले जाते. चाचणी नवी नाही आणि फार महागही नाही. तथापि या शिफारशीमुळे वैद्यकशास्त्रातील एक जुना वाद जवळजवळ निकालात निघाला असून भारतासारख्या देशापुढे काही नवे प्रश्न उभे राहिले आहेत.

दाह ही मुळात शरीराची संरक्षणव्यवस्था आहे. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही तिची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवली होती. बोट कापले की पांढऱ्या पेशी त्या जागी धावून जातात, जंतूंचा बंदोबस्त करतात, जखम भरून येते आणि दाह शमतो. प्रश्न निर्माण होतो तो दाह शमत नाही तेव्हा. कारण कायम राहिले, तर ही आग राखेखालच्या निखाऱ्यासारखी वर्षानुवर्षे धुमसत राहते. तिला ना लाली असते, ना वेदना. रुग्णाला ती जाणवते तेव्हा बहुधा रोहिणीत अडथळा निर्माण झालेला असतो किंवा मधुमेह बळावलेला असतो.

हृदयविकार म्हणजे नळात गंज साचावा तशी रक्तवाहिनीत चरबी साचणे, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. रोहिणीच्या भिंतीतील हा विकार दाहाचाच प्रकार असावा, असे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकातच सुचवले होते. सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लागला. मात्र, निरोगी दिसणाऱ्या पुरुषांमध्ये हे प्रथिन वाढलेले असेल तर पुढे झटक्याचा धोकाही वाढलेला असतो, हे बोस्टनचे डॉ. पॉल रिडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले ते १९९७ मध्ये. तरीही आक्षेप उरलाच. धूर दिसला म्हणून आग धुरामुळे लागली, असे कसे म्हणावे?

त्याचे उत्तर २०१७ मध्ये 'कँटोस' या चाचणीने दिले. झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या औषधाचा प्रयोग झाला. हे औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नाही. केवळ दाहाचा एक रासायनिक संदेश अडवते. मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात व हृदयरोगाने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. दाह केवळ साक्षीदार नसून आरोपीही आहे, हे सिद्ध झाले. पण त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. आग विझवताना पहारेकरीही झोपी गेला होता. पुढे संधिवातावरचे जुने व स्वस्त कोल्चिसिन पुढे आले आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या अल्प मात्रेला हृदयरोगासाठी मान्यता दिली. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही हेच द्रव्य असते आणि त्याच्यामुळेच ती विषारी ठरते, हे विसरता कामा नये. २०२४ मध्ये, नुकताच झटका आलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत या औषधाचा लाभ दिसला नाही. म्हणजे दाह कारणीभूत असला, तरी तो कोणाचा, केव्हा आणि किती शमवावा, हे अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही.

मधुमेहाची कथाही याच वाटेने जाते. चरबी हे निष्क्रिय कोठार नसून ती दाहकारक द्रव्ये सोडते आणि त्यामुळे इन्सुलिनचे काम अडते, हे १९९० च्या दशकापासून स्पष्ट होत गेले. पोटातील चरबी यात विशेष घातक. येथे महाराष्ट्राचा संबंध थेट येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगकाठी सडपातळ, पण आत चरबी, ही भारतीय ठेवण त्यातून जगापुढे आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे. वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवतो म्हणून निश्चिंत राहण्याची चैन भारतीयांना परवडणारी नाही.

असे असले तरी पाश्चात्त्य शिफारस जशीच्या तशी उचलणे धोक्याचे ठरेल. सीआरपी कोणत्याही संसर्गात वाढते. सर्दी, ताप, दुखरी हिरडी किंवा डेंग्यू यांपैकी काहीही ते वाढवू शकते. म्हणून प्रकृती ठीक असताना आणि आकडा वाढलेला आढळल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय त्याला अर्थ नाही. एक मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असेल तर धोका कमी, तीनपेक्षा जास्त असेल तर अधिक, हा साधारण ठोकताळा. मात्र दहाच्या वर गेल्यास आधी संसर्गाचाच शोध घ्यावा लागतो. शिवाय जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. दाहशामक औषधांतील काही सुप्त क्षयरोग जागा करू शकतात. कोविडच्या काळात स्टिरॉइडने अत्यवस्थ रुग्णांचे प्राण वाचवले. तेच औषध गरज नसताना किंवा बेसुमार दिले गेल्यानंतर २०२१ मध्ये, विशेषतः मधुमेही रुग्णांत, म्युकरमायकोसिसने जो हाहाकार माजवला, तो महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे.

दुसरा धोका बाजाराचा. 'दाहमुक्त' आहार, गोळ्या आणि तपासण्यांची पॅकेजेस शहरी मध्यमवर्गाच्या दारात आली आहेत. जखमेवर हळद लावण्याच्या ज्ञानावरील अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये भारताने रद्द करवून घेतले, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु स्वयंपाकातील चिमूटभर हळद वेगळी आणि शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क मिसळलेली तिची तीव्र गोळी वेगळी. अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेतच झाल्या आहेत.

दाह धुमसत ठेवणारे इंधन मात्र सर्वांना परिचित आहे. तंबाखू आणि मिश्री, पोटाचा वाढता घेर, अपुरी झोप, दुर्लक्षित हिरड्या आणि शहरांची धुळीने भरलेली हवा. यांतील काही गोष्टी व्यक्तीच्या हाती आहेत. पण बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर आणि पदपथांचा अभाव यांवर कोणतीही गोळी नाही. तेथे महापालिका आणि सरकारलाच हात घालावा लागेल. अन्यथा सुस्थितीतील नागरिक दरवर्षी आपल्या रक्तातील आग मोजत राहतील आणि ज्याला तपासणीही परवडत नाही, तो त्याच हवेत श्वास घेत राहील. मोजमापाचे साधन हाती आले आहे. इंधन काढून घेण्याची इच्छाशक्ती आहे काय, हा खरा प्रश्न आहे.