लेखकांच्या बैठकीत बटाटेवडे नकोत

परदेशातल्या मराठी मंडळात लेखक-गट निघाला की तो बहुधा कुणाच्या तरी घरी भरतो. दिवाणखान्यात खुर्च्या गोलाकार मांडल्या जातात, यजमानीणबाई दुपारपासून ओट्याशी उभ्या असतात. बैठक चारची ठरलेली असते आणि पावणेपाचला चहा होतो. मग कुणीतरी कविता वाचतं. क्षणभर शांतता, मग ‘वा, सुंदर!’, मग ‘काका, तुम्ही नियमित लिहायला हवं’, आणि लगेच बटाटेवडे. वडे गरम असतानाच खायचे असतात, त्यामुळे दुसऱ्या कडव्यात यमकासाठी ओढून आणलेला मोगरा जिथल्या तिथे राहतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या घरी पावभाजी, कारण वडे आधीच्या घरी झालेले असतात. हळूहळू स्वयंपाकाची चढाओढ लेखनाच्या पुढे निघून जाते. ज्यांचं घर लहान आहे, घरात आजारी माणूस आहे किंवा ज्यांना पंधरा जणांचं करणं झेपत नाही, ते येईनासे होतात.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की मंडळाला लेखक-गट चालवायचा असेल तर तो गावच्या सार्वजनिक लायब्ररीत चालवावा. ज्याच्या घरचं आत्ताच खाल्लं त्याच्या कथेचा शेवट फसलाय, हे सांगायला आपल्याकडे जीभ उचलत नाही. लायब्ररीच्या खोलीत कुणीच यजमान नसतो.

अमेरिकेपुरतं बोलायचं तर लायब्ररीत बैठकीची खोली असणं ही काही नवी चैन नव्हे. अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून या देशात १,६८९ ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी इमारतींचा साचा एकच होता: पायऱ्या चढून वर वाचनकक्ष आणि खाली तळघरात व्याख्यानाची खोली. पुढे १९३९ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने ग्रंथालयांच्या हक्कांची सनद स्वीकारली. ग्रंथालयातल्या खोल्या सांस्कृतिक कामासाठी वापरू द्याव्यात आणि गावातल्या सर्व गटांना, त्यांची मतं काहीही असोत, सारख्याच अटींवर द्याव्यात, हे तिच्या पहिल्याच मसुद्यात होतं. ठाण्याच्या (१८९३) किंवा मुंबईच्या (१८९८) मराठी ग्रंथसंग्रहालयात ऊठबस केलेल्या माणसाला पुस्तकं आणि सभा एका छपराखाली असण्याचं नवल वाटू नये. पण इथे येऊन स्थिरावल्यावर लायब्ररी म्हणजे मुलांचा गोष्टींचा तास आणि फोटोकॉपीचं मशीन, एवढीच ओळख उरते.

खोलीच्या अटी गावागणिक बदलतात, पण सूर साधारण सारखा असतो. खोली कार्डधारकाच्या नावावर मिळते. प्रवेश फी घ्यायची नाही, काही विकायचं नाही. पुष्कळ ठिकाणी बैठक सर्वांना खुली ठेवावी लागते. खायचं आणायचं नाही, किंवा आणलंच तर फार तर बिस्किटं. लायब्ररी बंद व्हायच्या आधी खुर्च्या जागेवर लावून बाहेर पडायचं. वर्षभराच्या तारखा एकदम मिळत नाहीत, दर काही महिन्यांनी नव्याने मागाव्या लागतात. हे वाचून कमिटीच्या कपाळाला आठ्या पडतात. खरं म्हणजे यातली एकेक अट गटाच्या पथ्यावर पडणारी आहे.

वेळेचंच बघा. घरच्या बैठकीला शेवट नसतो. साडेसातला कुणीतरी चपला शोधतं आणि दारात उभं राहून आणखी पाऊण तास गप्पा होतात. लायब्ररीत दोन तासांची खोली म्हणजे दोनच तास. मग कविता वाचण्यापूर्वी ती कशी सुचली, कुठल्या घाटात सुचली, तेव्हा गाडी कोण चालवत होतं, ही दहा मिनिटांची प्रस्तावना आपोआप गळते.

सर्वांना खुलं, ही अट लोकांना सर्वांत जाचक वाटते आणि तीच सर्वांत मोलाची आहे. घरी बोलावलं की ओळखीचेच येतात: त्याच ढोलपथकातले, त्याच नाटकात काम केलेले. लायब्ररीच्या फळ्यावर ‘मराठी लेखन गट’ असा कागद लागला की मंडळाची वर्गणी न भरणारेही येतात. पीएच. डी. करणारी नागपूरची मुलगी येते. बडोद्यात किंवा इंदुरात वाढलेले, पुण्याच्या बोलीला जराही न बुजणारे गृहस्थ येतात. घरी कोंकणी बोलणारी आणि मराठी वाचत मोठी झालेली गोव्याची बाई येते. हे लोक कुणाचे शेजारी नसतात, म्हणून त्यांना काय कळलं आणि काय कळलं नाही हे ते सांगू शकतात. सदाशिव पेठेतल्या मावशीची चेष्टा त्यांना कळली नाही, तर दोष त्यांचा नाही, हे लेखकाला निदान एकदा तरी दिसायला हवं.

‘आपल्याकडे हे असं चालत नाही’ हा आक्षेप हमखास येतो. आपल्याकडे ते चांगलं शंभर वर्षांपूर्वी चालून गेलंय आणि त्यातला धोकाही तेव्हाच दिसलाय. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी एकत्र जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि मिळून पुस्तकंही काढत. त्यांच्या काव्यगायनाने कविता गावोगाव पोचली, हे श्रेय मोठं आहे. पण गळा चांगला असला की कवितेतला कच्चा दुवा कानाआड जातो, आणि एकत्र बसणाऱ्यांना एकमेकांच्या लकबी ऐकू येईनाशा होतात. बाहेर उभ्या असलेल्या अत्र्यांना त्या लख्ख ऐकू आल्या. १९२५ साली त्यांचं ‘झेंडूची फुले’ हे विडंबनांचं पुस्तक निघालं आणि सगळ्या महाराष्ट्राने त्या लकबींना हसून घेतलं. प्रत्येक गटाला अत्रे भेटतीलच असं नाही. तेव्हा थोडे अत्रे गटातच असलेले बरे.

त्यासाठी पद्धत लागते, आणि ती अमेरिकेतच तयार आहे. १९५६ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या मिलफर्ड या छोट्या गावी डेमन नाइट, जुडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकारांनी लेखकांची कार्यशाळा सुरू केली. तिथली रीत अशी, की लिखाण सगळ्यांनी आधी वाचून यायचं, मग एकेकाने आळीपाळीने आपलं मत सांगायचं, आणि तोवर लेखकाने गप्प बसायचं. सगळे बोलून झाले की मग लेखकाची पाळी. १९६८ मध्ये क्लॅरियनची कार्यशाळा सुरू झाली तीही याच रीतीवर, आणि आज असंख्य छोटे गट मिलफर्डचं नावही न ऐकता हेच करतात.

मराठी मंडळाला लेखकाच्या मौनाचा नियम इतरांपेक्षा जास्त गरजेचा आहे. आपल्याकडे पन्नाशीचा माणूस काका असतो आणि सत्तरीचा आजोबा. बत्तीस वर्षांच्या मुलीने काकांना ‘तुमचं दुसरं पान मला कंटाळवाणं वाटलं’ असं तोंडावर सांगणं उद्धटपणाचं ठरतं. काका लगेच ‘अगं, त्याचं असं आहे...’ म्हणून सुरू झाले की ती पुढे गप्पच बसणार. पण काकांनी बोलायचंच नाही आणि तिने पाळी आल्यावर बोलायलाच हवं, असा नियम असला तर ती नियम पाळत असते. उद्धटपणा नियमाच्या खात्यात जातो. काका मंडळाचे माजी अध्यक्ष असले तर नियम आणखीच कडक हवा.

बोलायचं काय, याचं चांगलं उत्तर पीटर एल्बो यांच्या १९७३ सालच्या ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात आहे. वाचकाने निवाडा देऊ नये, वाचताना आपल्या मनात काय काय झालं ते क्रमाने सांगावं, असा त्यांचा आग्रह. ‘कथा छान आहे’ हा निवाडा. त्याचा लेखकाला काडीचा उपयोग नाही.

समजा, एक कथा आली आहे. आजी पहिल्यांदा अमेरिकेला येते आणि विमानतळावर तिची लोणच्याची बरणी काढून घेतात. (परदेशी मराठी कथेत ही बरणी अडकतेच, त्याला इलाज नाही.) पहिली वाचक म्हणते, ‘दुसऱ्या पानावर तीन नातेवाईक एकदम आले. सुमन आत्या कुणाची ते मला कळेना, मी मागे जाऊन पाहिलं आणि माझा धागा सुटला.’ दुसरे म्हणतात, ‘सदतिसाव्या ओळीत लिहिलंय की आजींना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि पाचव्या पानावर त्या अधिकाऱ्याला ‘प्लीज, माय सन इज वेटिंग’ म्हणतात. मी थबकलो. पण मग वाटलं, विमानात बसून त्यांनी हे वाक्य पाठ केलं असेल. असेल तर ते पाठांतर मला वाचायला आवडेल.’ तिसरीला बरणी फेकल्यानंतरची दीड पानं नकोशी झाली, कारण त्यात आजीला काय वाटलं ते लेखकाने समजावून सांगितलंय. लेखक मान खाली घालून कागदावर खुणा करतो. त्याच्या जवळ उत्तरं असतात, ती बाहेर पडायला धडपडत असतात. वीस मिनिटांनी बोलायची पाळी येते तेव्हा त्यातली निम्मी उत्तरं सांगायची गरज उरलेली नसते, आणि विमानातल्या पाठांतराचा प्रसंग त्याने समासात लिहूनही टाकलेला असतो.

हे जमायचं तर मजकूर आठवडाभर आधी हातात हवा. दीडेक हजार शब्द, ओळींना क्रमांक, रुंद समास, आणि युनिकोडमध्ये. अजूनही कुणी तरी जुन्या फॉन्टमधली फाइल पाठवतं आणि ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की देवनागरीच्या जागी कचरा दिसतो. त्यावर सोपा तोडगा म्हणजे पीडीएफ. एका बैठकीला दोनच लेखक आणि एकूण माणसं सहा ते नऊ. कविता असेल तर ती कवीने वाचू नये, दुसऱ्याने वाचावी. वाचणारा जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. गळ्याने सावरलेली ओळ दुसऱ्याच्या तोंडी लगेच उघडी पडते. इथे वाढलेल्या मुलामुलींपैकी ज्यांना मराठी समजतं पण देवनागरी भरभर वाचता येत नाही, त्यांनाही अशा वाचनामुळे गटात बसता येतं, आणि त्यांचे कान पुष्कळदा मोठ्यांपेक्षा तिखट निघतात.

झूमवर हे सगळं घरबसल्या होतं, असं म्हणणाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. हिवाळ्यात रस्ते बंद असताना किंवा सर्वांत जवळचा मराठी माणूस शंभर मैलांवर असताना झूम हाच पर्याय. पण पडद्यावर माइक बंद ठेवून दुसरी ईमेल वाचणारा माणूस ओळखता येत नाही, आणि कथेतल्या कुठल्या वाक्याला समोरच्यांनी पान उलटायचं थांबवलं हेही दिसत नाही.

आता कळीचा मुद्दा. परदेशातल्या मराठी लेखकाला संपादक नसतो. मराठीत एके काळी ‘सत्यकथा’ होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाताखालून गेलेली कथा चर्चेतून, दुरुस्तीतून जायची, परत परत लिहिली जायची. ते मासिक १९८२ साली बंद पडलं. मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक म्हणजे नोकरी आणि मुलांची शाळा सांभाळून रात्री अकराला ऱ्हस्व-दीर्घ बघणारा स्वयंसेवक. त्याच्याकडून सत्यकथेची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अंक छपाईला जायच्या आठवड्यात आलेल्या कथेचं तो फार तर शुद्धलेखन करू शकतो. कथेला जे वाचक हवे असतात ते मे-जूनमध्येच, एका टेबलाभोवती हवे असतात.

म्हणून गट आणि अंक यांची घट्ट गाठ घालावी, असं कमिटीच्या सभेत कुणीतरी सुचवणारच. तिथे मात्र हात आखडता घ्यावा. गटात वाचलेलं अंकात येणारच अशी समजूत झाली की चर्चेचा नूर बदलतो. लोक कथा वाचायचं सोडून जागा मिळवायला लागतात, आणि परतफेडीची स्तुती सुरू होते. संपादकाने गटात यावं ते इतरांसारखं, स्वतःचं लिखाण घेऊन, आणि स्वतःच्या पाळीला गप्प बसून. गटाला न रुचलेली कथाही लेखकाने खुशाल अंकाकडे पाठवावी, आणि गटाने वाखाणलेली कथा संपादकाने खुशाल परत करावी. ‘गटात चर्चिलेली कथा’ अशी तळटीप अंकात छापू नये, कमिटीच्या वार्षिक अहवालात गटाने किती कथा ‘तयार केल्या’ याचा तक्ताही देऊ नये. अहवालात एक ओळ पुरे: खोली कुठल्या शाखेत, महिन्यातल्या कुठल्या रविवारी, आणि पुढच्या तिमाहीचं बुकिंग कुणाच्या कार्डावर आहे.