‘शोकात्म कलावती’ : समीक्षेची एक सोय

चरित्रपटांविषयीच्या मराठी लेखनात ‘शोकात्म कलावती’ ही कोटी इतकी रुळली आहे, की तिचा सैद्धांतिक आधार तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. ब्रुनो न्यूतांच्या ‘कामीय क्लोदेल’ (1988) या फ्रेंच चित्रपटाची श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’शी (1977) तुलना करताना ही कोटी हमखास पुढे येते. एकीकडे रोदँच्या सहवासातून वेडाकडे ढकलली गेलेली शिल्पकार, दुसरीकडे एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे भटकणारी नटी; दोघींचे दुःख एक, म्हणून दोघींचा अर्थही एक! हे समीकरण सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे.

कामीयला 1913 मध्ये मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. पुढची तीस वर्षे, 1943 मध्ये मृत्यू येईपर्यंत, ती तिथून सुटली नाही. ही वस्तुस्थिती भीषण आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्या वस्तुस्थितीच्या उजेडात तिची शिल्पे वाचण्याविषयी. ‘प्रौढ वय’ हा तिचा तीन आकृतींचा शिल्पसमूह रोदँला लिहिलेल्या पत्रासारखा वाचला जातो. त्या आकृतींमधील अंतराने शिल्पाचा तोल कसा साधला, हा प्रश्न विचारलाच जात नाही. कलाकृती पुरावा ठरते आणि खटला आयुष्याचा चालतो.

‘भूमिका’च्या बाबतीत ही चूक अधिक ठळक होते. चित्रपटाचा आधार हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ हे 1970 मध्ये पुस्तकरूपाने आलेले आत्मकथन. त्याचे शीर्षकच अनंत माने यांच्या 1959 च्या तमाशापटावरून आलेले. म्हणजे सांगणारी स्त्री स्वतःचा परिचय आपल्या कामाच्या नावाने करून देते. समीक्षा मात्र ते नाव बाजूला सारून तिच्या संसाराची मोजदाद करते. ‘संत सखू’तील (1941) सोशीक सून आणि ‘लोकशाहीर राम जोशी’तील (1947) तमासगीर स्त्री या दोन टोकांच्या भूमिका एकाच नटीने पेलल्या. ‘ती दुःखी होती’ या विधानाने यातील काय उलगडते?

येथे असा आक्षेप येईल की, दुःख दाखवणे म्हणजेच पितृसत्तेचे दर्शन घडवणे. आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु दुःखाचे कारण म्हणून पुरुषच उभा केला, की केंद्रस्थानीही तोच राहतो. एका चित्रपटात रोदँ, दुसऱ्यात काळे. ‘भूमिका’ याबाबत आपल्या समीक्षकांहून शहाणा आहे. त्याचा आरंभच नृत्याच्या चित्रीकरणाने होतो. उषा लहानपणापासून घर चालवते आणि तिच्या करारांचा व्यवहार नवऱ्याच्या हाती असतो, हे तो स्पष्ट दाखवतो. शोषणाचे मूळ श्रमाच्या मालकीत आहे, हे पडद्यावर असूनही समीक्षेला दिसते ती केवळ प्रेमाची वणवण.

बारामती-इंदापूरकडच्या यात्रांत तमाशाचा फड सुपारी ठरवून येतो. तिथला प्रेक्षक नाचणारणीला प्रतिष्ठा देतो असे नव्हे. पण तिचा आवाज, तिची अदा आणि तिची बिदागी यांचा हिशेब त्याला कळतो. याच जिल्ह्यातील विठाबाई नारायणगावकरांविषयी मात्र शिक्षित वर्ग सांगतो तो प्रसंग प्रयोगाच्या मध्येच झालेल्या बाळंतपणाचा. त्यांच्या गायकीचे विश्लेषण कितीजणांनी केले?

व्यसनी, बेबंद पुरुष कलावंतास मराठीत ‘कलंदर’ म्हणतात. स्त्रीच्या वाट्याला ‘उद्ध्वस्त’ हे विशेषण येते. भाषेतील हा भेद समीक्षेने तपासायचा असतो, वापरायचा नसतो. ‘सांगत्ये ऐका’ पदव्युत्तर वर्गात शिकवताना पहिला प्रश्न ‘तिने काय सोसले’ हा नसून ‘तिने काय केले, आणि त्याचे मोल कोणी घेतले’ हा असला पाहिजे. सहानुभूती ही समीक्षेची पद्धती नव्हे; पद्धती टाळण्याची ती सर्वांत सभ्य वाट आहे.