शेवंड धरण्याआधी सोडायला शिका

गेल्या शुक्रवारी हापिसात जेवणाच्या टेबलावर एक व्हिडिओ फिरत होता. फ्लोरिडाच्या ऑनसाइटवरून परतलेला आमचा एक मित्र पाठीला सिलिंडर लावून समुद्राच्या तळाशी लॉबस्टर धरतोय. पोळीभाजी संपेपर्यंत बेत ठरलासुद्धा! डिसेंबरात मालवण, सिलिंडर भाड्याने, हातमोजे आपापले. आणि मग सगळे माझ्याकडे वळले, "तू गारगोटीचा ना? तुला तिकडचं सगळं माहीत असेल!"

तर मंडळी, गारगोटीला समुद्र नाही. आमच्याकडे वेदगंगा आहे आणि पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे. पण सुरुवात कशी करायची असं विचारताच आहात, तर मी ओढ्यापासूनच सांगणार.

पहिला पाऊस झाला की आज्जा रात्री बॅटरी आणि पोतं घेऊन निघायचा, मागे मी. खेकडा नांगीच्या मागून, पाठीवर दाबून धरायचा, हे मी एका संध्याकाळी शिकलो. (एक बोट सुजवून घेऊन!) पण एकदा चांगली मोठी खेकडी मिळाली आणि आज्जाने ती उलटी करून बघितली. पोटाखाली बारीक पिल्लं वळवळत होती. "सोड तिला," म्हणाला. मी कुरकुरलो. तर म्हणतो, "मग फुडच्या साली काय खाशील, बॅटरी?"

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. धरायला कुणीही शिकतो. आधी सोडायला शिकायचं असतं, आणि मालवणच्या बेतात नेमका तोच धडा गाळलाय.

त्या व्हिडिओतही तो धडा आहे, पण कुणी बघितला नाही. फ्लोरिडात लायसन लागतं, वर लॉबस्टरचा वेगळा परवाना लागतो. मापपट्टी जवळ बाळगावी लागते आणि पाण्यातच माप घ्यावं लागतं. पाठीचं कवच ३ इंचांपेक्षा मोठं नसेल तर तिथेच सोडायचं. अंडी असलेली मादी धरणं गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात पाणबुड्याला फक्त हात वापरता येतात. दक्षिण आफ्रिकेत हौशी माणसाला लॉबस्टरसाठी सिलिंडर वापरायलाच बंदी आहे, श्वास रोखून जेवढं खाली जाता येईल तेवढंच. आपण काय उचललं? हातमोजे!

यावर आमच्या टेबलावरचा हुकमी मुद्दा असा, "अरे, हाताने एकेक धरणं ट्रॉलरपेक्षा बरंच की!" मुद्दा अर्धा खरा आहे. ट्रॉलर अंडीवाली-बिनअंडीवाली बघत नाही. मुंबईच्या समुद्रातली चपटी सँड लॉबस्टर अशीच १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळपास संपली. पण शेवंड दिवसा राहते कुठे? खडकांच्या कपारीत. ट्रॉलरचं जाळं तिथे फाटतं, म्हणून ती तिथे वाचते. सिलिंडर लावलेला माणूस नेमका त्याच कपारीत बॅटरी मारतो. म्हणजे तिची शेवटची खोलीही आपणच उघडणार, तेही पोटासाठी नाही, फेसबुकसाठी. आणि तळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडावं तसं शेवंडीचं बीज सोडता येत नाही. तिची काचेसारखी पारदर्शक पिल्लं महिनोन्महिने उघड्या समुद्रात वाहत असतात, ती हॅचरीत वाढवणं फार अवघड. आपल्या सरकारने २००३ साली निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली ती काही उगाच नाही. शेपटीवर फिकट पट्टे असलेल्या आपल्याकडच्या शेवंडीला ३०० ग्रॅम.

शिवाय मालवण म्हणजे मोकळं मैदान नव्हे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय प्राणी उचलायचा नसतो. तिथल्या कोळ्यांचा आणि अभयारण्याचा वाद जुना आहे, पण तो त्यांच्या पोटाचा वाद आहे. त्यात आपल्या वीकेंडने घुसू नये.

आता जीव. १५ मिनिटं इन्स्ट्रक्टरने धरून फिरवलं म्हणजे डायव्हिंग आलं असं नाही. मी रीतसर कोर्स केला. त्यानंतर तिसऱ्याच डाइव्हला कपारीतून दोन लांब मिशा हलताना दिसल्या. नुसतं बघायलाच पुढे सरकलो, आणि हवेचा काटा बघायचा राहिला. इन्स्ट्रक्टरने फिन ओढून काटा दाखवला तेव्हा ४० बार उरले होते. हातात काही धरायचं नव्हतं तरी ही गत! घाबरून, श्वास रोखून वर सुटलो असतो तर फुप्फुसं फाटली असती. होंडुरासचे मिस्किटो पाणबुडे लॉबस्टरसाठी वर्षानुवर्षं खोल, आणखी खोल जात राहिले. कित्येक पांगळे झाले, कित्येक मेले. अशा ४२ जणांच्या खटल्यात २०२१ साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. ते पोटासाठी गेले होते. आपण कशासाठी जातोय?

आणि आम्हा घाटावरच्यांसाठी एक खास सूचना. दिवसभर डाइव्ह मारून संध्याकाळी फोंडा किंवा आंबोलीचा घाट चढून घरी यायचं नाही. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. रक्तात मुरलेल्या नायट्रोजनला घाट काय आणि विमान काय, हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे होणारच. बऱ्याच डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास थांबतात. आपणही मुक्काम करावा, सोलकढी प्यावी.

तर सुरुवात कशी करायची? आधी कोर्स करा. मग दहा-वीस डाइव्ह हात छातीशी बांधून करा. कपारीतल्या मिशा मोजा, मादी ओळखा, काटा बघत राहा. त्यानंतरही धरायची खाज उरलीच, तर जिथे परवाना मिळतो तिथे, मापपट्टी घेऊन जा. आणि खायचीच असेल तर कोळणीकडून मोठी, बिनअंड्याची बघून घ्या. भाव करू नका.

एवढं सगळं मी टेबलावर बोललो. डिसेंबरच्या बेतातून तिघं गळाले, दोघं अजून हातमोजे शोधतायत. त्या दोघांना जुलैत गारगोटीला नेणार आहे. ओढा, बॅटरी, पोतं. पहिली पिल्लाची खेकडी ज्याने न सांगता सोडली, त्याच्याबरोबर मी मालवणला येईन.

असो. आज्जा आता नाही. बॅटरी आहे अजून. :-)