मुलगी पुस्तक वाचून रडते

तळेगाव (श्यामजी पंत) येथील एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, 'ताई, माझी मुलगी बारावीला आहे. तिनं कॉलेजातून "फॅरनहाइट ४५१" नावाची इंग्रजी कादंबरी आणली. रात्री दोनपर्यंत वाचत बसली आणि मग उशीत तोंड खुपसून रडली. म्हणते, त्यातलं सरकार पुस्तकं जाळतं. आमच्या ह्यांचं म्हणणं, परीक्षेच्या वर्षी सरकारविरुद्धचं असलं काही घरात नको. पुस्तक काढून घेऊ का?'

नका हो घेऊ! आधी ते काय आहे ते तरी ऐका.

रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी १९५३ सालची. भविष्यकाळातली गोष्ट आहे. त्यातले बंबवाले आग विझवत नाहीत, लावतात. ज्याच्या घरी पुस्तकं सापडतील त्याचं घर पेटवून देतात. एक म्हातारी आपली पुस्तकं सोडून घराबाहेर यायला तयारच होत नाही आणि शेवटी स्वतःच्या हातानं काडी ओढते. तुमची लेक बहुधा तिथंच रडली असेल. मी वाचलं त्या दिवशी माझी कणीक तशीच वाळून गेली होती.

पण मला जास्त भीती वाटली ती नायकाच्या बायकोची. तिच्या बैठकीच्या तीन भिंती म्हणजे टेलिव्हिजनचे पडदे. त्यांतल्या माणसांना ती 'घरची माणसं' म्हणते, रात्री कानात इवलासा रेडिओ घालून झोपते आणि एक दिवस नवऱ्याविरुद्ध स्वतःच वर्दी देते. हे सत्तर वर्षांपूर्वी लिहिलंय बरं का! बंबवाल्यांचा साहेबच सांगतो, सुरुवात सरकारनं केली नाही. लोकांनाच आधी वाचण्याचा कंटाळा आला.

शेवटी नायक पळून जातो तेव्हा त्याला रानात काही माणसं भेटतात. प्रत्येकानं काही ना काही पाठ करून ठेवलेलं. आपल्याला यात नवल ते काय? तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली, पण अभंग लोकांच्या तोंडी होते, असंच आपण ऐकत आलो.

आता तुमच्या यजमानांसाठी. त्यांना म्हणावं, आष्टी आपलीच ना? १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, गावकरी मेले, पोलीसही मेले. त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला. मग तिथं फौज आली आणि बायकांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. इंग्रज सरकारनं काय करावं? त्या बातम्या छापायलाच बंदी घातली! निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातल्या वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. तरीही गोष्ट दडली नाही, कारण त्या बायका बोलल्या. त्या काळी असलं बोलायला केवढी छाती लागली असेल, ते आपल्यालाच कळेल.

तेव्हा असं करा. परीक्षेचं वर्ष आहे हे खरं, म्हणून रात्रीचं वाचन बंद. दहाला दिवा मालवायचा. त्याऐवजी दुपारी तुम्ही तांदूळ निवडताना तिला रोज थोडं थोडं मराठीतून सांगायला लावा. तिचंही मन हलकं होईल, तुमचंही वाचन होईल. घरात किंवा शेजारी नव्वदीच्या कुणी आजी असतील तर त्यांनाही बसवा आणि बेचाळीसचं काय आठवतं ते विचारा. मुलीला ते वहीत उतरवू द्या. या कामाला मात्र उशीर नको.

आणि हो, पुस्तक परत करायची तारीख बघून ठेवा. उगाच दंड नको.