"दोन्हीकडे चालते" नावाची थाप

तर झालं असं, की आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या एका सांगलीच्या पोराने गाडी घेतली. गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, इकडे जिला सगळे मियाटा म्हणतात ती. दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, उघडं छप्पर. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एकट्या जीवाने घ्यावी अशीच गाडी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्याकडे स्वतःकडे १९९९ सालची आहे, वजन हजार किलोच्या जरा वर आणि इंजिन १४० हॉर्सपॉवरचं. म्हणजे मी कुठल्या तोंडाने बोलणार?

पण गुरुवारी त्याने मला एक स्प्रेडशीट पाठवली. (आम्ही सॉफ्टवेअरवाले, प्रेमपत्रसुद्धा स्प्रेडशीटमध्ये लिहू.) टर्बो किट, सायलेन्सर, कॉइलओव्हर सस्पेन्शन, बकेट सीट, चार पट्ट्यांचा हार्नेस, मागे पंख. खाली प्रश्न, "दादा, यातलं आधी काय घेऊ? सोमवार ते शुक्रवार ऑफिस, महिन्यातून एकदा ट्रॅक-डे. सगळे पार्ट दोन्हीकडे चालतात असं लिहिलंय."

"दोन्हीकडे चालतात." हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं, की म्हटलं ब्लॉगवरच टाकू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शोधत बसायला नको. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी गाडी करता येते, पण त्याची यादी फार छोटी आणि फार कंटाळवाणी आहे. बाकी जे काही त्या नावाखाली विकलं जातं, ते बहुतेक वेळा गाडीला दोन्हीकडे थोडं थोडं वाईट करतं. आणि या वाईटाची किंमत नेहमी तुम्हीच मोजता असंही नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. माझा दुसराच ट्रॅक-डे होता, मॉन्टरेजवळच्या लगुना सेका ट्रॅकवर. ३.६ किलोमीटरचा, ११ वळणांचा ट्रॅक, १९५७ सालापासूनचा. त्याचं 'कॉर्कस्क्रू' नावाचं वळण जगप्रसिद्ध आहे. तिथे गाडी सुमारे १३७ मीटरच्या अंतरात १८ मीटर खाली उतरते, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्यावर. सगळे त्याला घाबरतात. मीही त्यालाच घाबरून होतो.

माझ्या गाडीत तोपर्यंत काय होतं? नवा इनटेक, नवा सायलेन्सर आणि गाडी बुटकी करणाऱ्या स्प्रिंगा. ज्या दुकानातून घेतलं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, आता ट्रॅकला रेडी." ब्रेक फ्लुइड कधी बदललंय, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कारण मलाच माहीत नव्हतं!

सहाव्या की सातव्या लॅपला सरळ रस्त्यावरून ताशी १६० च्या आसपास आलो, दुसऱ्या वळणासाठी ब्रेक दाबला आणि पेडल खाली फरशीला टेकलं. काहीच नाही. पाय जणू चिखलात गेला. गाडी सरळ खडीत. नशीब एवढंच, की तिथे थांबायला जागा आहे. मला खरचटलंही नाही, पण हात अर्धा तास थरथरत होते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तासाभराने फ्लुइड गार झालं आणि पेडल परत वर आलं. जरा मऊ लागत होतं, पण लागत होतं. मी काय केलं? त्याच गाडीने १०१ हायवेवरून घरी आलो. आणि सोमवारी सकाळी बायकोची गाडी चालू होईना, म्हणून ती माझी गाडी घेऊन ऑफिसला गेली. एकदा उकळलेलं फ्लुइड, मऊ पेडल आणि ऑफिसच्या वेळेचा हायवे. मी तिला एका शब्दाने बोललो नाही, कारण खडीत गेल्याचं सांगायला लाज वाटत होती.

तिला काही झालं नाही. पण त्या दिवशी अकराच्या मीटिंगमध्ये मला एकदम घाम फुटला. ट्रॅकवर जाताना मी एका कागदावर सही केली होती, की मेलो तर माझा मी जबाबदार. बायकोने अशी कुठल्या कागदावर सही केली होती? तिच्या पुढे ट्रॅफिकमध्ये थांबलेल्या माणसाने केली होती? रस्ता आणि ट्रॅक यात माझ्या मते हाच फरक आहे. ट्रॅकवर सगळ्यांनी सही केलेली असते, रस्त्यावर कोणीच केलेली नसते.

आता थोडं दहावीचं फिजिक्स. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. माझ्यासकट गाडीचं वजन १२०० किलो धरा. १६० वरून ६५ वर यायला सुमारे दहा लाख ज्यूल उष्णता निघते. एवढ्या उष्णतेत तीन लिटर पाणी चहासाठी उकळून होईल. एकदा ब्रेक मारला, की एक पातेलं. आणि वीस मिनिटांच्या सेशनमध्ये हे पुन्हा पुन्हा.

आता टर्बो लावा. त्याच सरळ रस्त्याच्या टोकाला १६० ऐवजी १८० लागला असं समजू. वेग वाढला साडेबारा टक्के, पण उष्णता वाढते वेगाच्या वर्गाने, म्हणजे ती वाढली सुमारे तीस टक्के. ब्रेक मात्र तेच! यादीत टर्बो पहिला आणि ब्रेक बेपत्ता, म्हणजे चुलीत लाकडं वाढवायची आणि पातेलं तेच ठेवायचं.

आणि फ्लुइडचं काय होतं? ब्रेक फ्लुइड हवेतली वाफ शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं फ्लुइड किमान २३० अंशाला उकळलं पाहिजे असं मानक आहे. त्यात ३.७% पाणी मुरलं, की तीच अट १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. रोजच्या ट्रॅफिकमध्ये तेवढा ताप होतच नाही, म्हणून जुनं फ्लुइड वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतं. ट्रॅक फक्त ते गुपित फोडतो.

आता पोराच्या यादीतलं एकेक घेऊ.

सस्पेन्शन. ट्रॅकच्या गुळगुळीत डांबरावर कडक स्प्रिंग छान. रस्त्यावर खड्डा आला, की चाक जमिनीवरून उचलतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. नुसत्या बुटक्या स्प्रिंगांनी तर सस्पेन्शनला हलायला जागाच उरत नाही. माझ्या स्प्रिंगांनी मला वेग दिला नाही, पाठदुखी दिली.

हार्नेस. हा सगळ्यात धोकादायक. चार पट्टे दिसतात भारी, पण ते तुम्हाला सीटला ताठ बांधून ठेवतात. गाडी उलटली आणि डोक्यावर रोल बार नसेल, तर खाली वाकायलाही वाव नाही. मग म्हणे रोल बार लावू. उघड्या गाडीत ट्रॅकवर तो हवाच, बरेच क्लब त्याशिवाय आत घेत नाहीत. पण ट्रॅकवर डोक्याला हेल्मेट असतं. ऑफिसला जाताना तोच लोखंडी पाइप उघड्या डोक्याच्या मागे वीतभर अंतरावर असतो. म्हणून त्यावर कडक पॅडिंग हवं आणि रस्त्यावर कंपनीचा तीन टेकूंचा पट्टाच हवा. आणि गाडीच्या आत डोक्याभोवती पूर्ण पिंजरा? रोजच्या गाडीत अजिबात नाही.

सायलेन्सर. लगुना सेकावर बहुतेक ट्रॅक-डेंना आवाजाची मर्यादा ९०-९२ डेसिबलच्या आसपास असते. ओलांडली, की काळा झेंडा दाखवून आत बोलावतात. म्हणजे ट्रॅकसाठी घेतलेला सायलेन्सर ट्रॅकवरच चालत नाही! मग तो कोणासाठी घेतला? रात्री अकराला पार्किंगमध्ये शेजाऱ्यांना उठवायला.

टर्बो. कॅलिफोर्नियात इंजिनाच्या धुराशी संबंध येणाऱ्या पार्टला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. नसेल तर स्मॉग टेस्टला गाडी नापास. "टेस्टपुरता काढून ठेवू" म्हणणारे बहाद्दर मला माहीत आहेत. दर दोन वर्षांनी इंजिन उघडतात, तिसऱ्यांदा गाडी विकतात.

आता तुम्ही म्हणाल, पोर्शे ९११ जीटी३ आहे की, कारखान्यातूनच दोन्हीकडे चालणारी. आहे, मान्य. पण तिथे इंजिन, ब्रेक, कूलिंग, सस्पेन्शन एकत्र बसून ठरवलेलं असतं, आणि ती किंमत बघून मी टॅब बंद करतो. :-) आपण जे करतो ते म्हणजे चालू प्रॉडक्शन सिस्टिममध्ये चार वेगळ्या लोकांनी लिहिलेले चार पॅच, टेस्ट न करता, शुक्रवारी संध्याकाळी. ऑफिसात कोणी असं केलं तर आपणच ओरडू ना?

दुसरा आक्षेप, "स्लो गाडीत मजा काय?" अमेरिकेत स्पेक मियाटा नावाचा हौशी रेसिंगचा प्रकार आहे. सगळ्यांना जवळपास सारखी गाडी, इंजिनात फारसे खेळ नाहीत, आणि तरीही प्रचंड लोकप्रिय. कमी ताकदीच्या गाडीत तुमची प्रत्येक चूक दिसते, जास्त ताकदीत ती पुढच्या सरळ रस्त्यावर झाकली जाते. आणि हो, त्या गाड्या ट्रॅकवर ट्रेलरवर लादून येतात. ज्यांना खरंच रेस करायची असते ते दोन्हीकडे चालवायचा हट्ट सोडून देतात.

पुण्यातल्या माझ्या भावंडांसाठी एक वेगळा परिच्छेद. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. वर पुण्याहून कोइम्बतूरजवळचा कारी ट्रॅक हजारावर किलोमीटर लांब. म्हणजे "ट्रॅकसाठी" म्हणून घेतलेला पार्ट शेवटी ताम्हिणी घाटातच वापरला जातो. ताम्हिणीत समोरून एसटी येते, आणि एसटीतल्या कोणी सही केलेली नसते.

मग करायचं काय? माझी यादी अशी. आधी ड्रायव्हर, म्हणजे पहिले दोन-तीन ट्रॅक-डे शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून, गाडीला हात न लावता. पण त्याच्याही आदल्या आठवड्यात ताजं, वरच्या उत्कलनबिंदूचं फ्लुइड. ट्रॅकसाठी वेगळे ब्रेक पॅड, जे घरी आल्यावर काढायचे, कारण रेसचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत आणि सकाळी सिग्नलला ते गारच असतात. बरे टायर. उघडी गाडी असेल तर रोल बार आणि मोटारस्पोर्टसाठीचं हेल्मेट, मोटारसायकलचं नव्हे. बस. यातलं काहीही पार्किंगमध्ये दाखवता येत नाही, आणि माझ्या मते यादी खपत नाही त्याचं कारण हेच आहे.

हे सगळं पोराला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, टर्बो फेज टूमध्ये टाकतो." चला, निदान खाली तरी सरकला. शनिवारी त्याची गाडी माझ्या गराजमध्ये घेतली आणि फ्लुइड बदललं. हे काम दोघांचं असतं, एक चाकापाशी पान्हा धरून आणि एक आत पेडलवर. माझ्या गाडीच्या वेळी पेडलवर बायको असते. "दाब... धर... सोड." ती प्रत्येक वेळी विचारते, "पेडल कडक आलंय ना रे?"

ती सोमवारची गोष्ट तिला मी दोन वर्षांनी सांगितली होती. त्यानंतर ती हे विचारायला कधीच विसरलेली नाही.

असो.